रेडिओलॉजिस्टच्या सहीविना रिपोर्ट: एआयला किती मोकळीक द्यावी?

कडेपठार (धागाकर्ता)

एआय एक्स-रे वाचतं, यात आता नवल राहिलेलं नाही. आजची बहुतेक सॉफ्टवेअरं डॉक्टरांच्या हाताखाली काम करतात. संशयाच्या जागी चौकट काढतात, तातडीची केस यादीत वर सरकवतात, आणि शेवटचा शब्द डॉक्टरांचा असतो. हा धागा त्यापुढच्या पायरीसाठी आहे: सॉफ्टवेअरने उत्तर दिलं आणि ते कुणाही डॉक्टरच्या नजरेखालून न जाता रुग्णापर्यंत पोचलं, तर?

हे कुठेतरी सुरू झालंच आहे. अमेरिकेत एप्रिल २०१८ मध्ये एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामकाने, आयडीएक्स-डीआरला परवानगी दिली. मधुमेही व्यक्तीच्या डोळ्याच्या पडद्याचे फोटो पाहून 'नेत्रतज्ज्ञांकडे जा' किंवा '१२ महिन्यांनी पुन्हा तपासा' हे ती प्रणाली स्वतःच सांगते. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टीबीच्या चाळणीत १५ वर्षं आणि त्यापुढच्या व्यक्तींचे डिजिटल छातीचे एक्स-रे माणसाऐवजी सॉफ्टवेअरने वाचायला मान्यता दिली. मार्च २०२२ मध्ये लिथुएनियाच्या ऑक्सिपिट कंपनीच्या चेस्टलिंकला युरोपात उपकरण विकायची 'सीई वर्ग २-ब' मान्यता मिळाली. ज्या फिल्ममध्ये काहीच दोष नाही अशी पक्की खात्री वाटते, तेवढ्यांचाच रिपोर्ट ते परस्पर काढतं. बाकी सगळ्या फिल्म डॉक्टरांकडे.

माझं मत सांगतो. ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे मशीन आहे, टेक्निशियन आहे, रेडिओलॉजिस्ट नाही, अशा ठिकाणी एकाच ठरावीक प्रश्नापुरती ही मोकळीक द्यावी. सर्वसाधारण रिपोर्टसाठी देऊ नये. जाणकारांनी खोडून काढावं किंवा अटी सांगाव्यात.

अंधारखोली

धागा चांगला आहे, पण तुमची तीन उदाहरणं एका माळेतली नाहीत. पहिल्या दोन्हींत सॉफ्टवेअरला एकाच आजाराबद्दल विचारलंय: आहे का, नाही का. तिसऱ्यात विचारलंय, 'या छातीत काहीच वावगं नाही ना?' छातीच्या एक्स-रेत हाच सगळ्यांत अवघड प्रश्न. हृदयामागची गाठ, फुप्फुसाच्या शेंड्यावर हासळीखाली लपलेली सावली, बरगडीची बारीक चीर, डायफ्रॅमखालची (छाती-पोटामधल्या पडद्याखालची) हवा, हे सगळं त्या एका 'नाही'मध्ये येतं.

चेस्टलिंकसारख्या वापराचा डेन्मार्कमधला अभ्यास २०२३ मध्ये 'रेडिओलॉजी'त आला. कोपनहेगन परिसरातली ४ रुग्णालयं, १५२९ प्रौढ रुग्ण. दोष असलेल्या फिल्म पकडण्यात एआय ९९.१ टक्के, रुग्णालयांचे प्रत्यक्ष रिपोर्ट ७२.३ टक्के. हा आकडा पाहून रेडिओलॉजिस्टना घरी पाठवू नका, कारण 'दोष' या व्याख्येत उपचार न बदलणारे किरकोळ बदलही धरले होते. गंभीर दोषांच्या ६१७ पैकी ६१६ फिल्म एआयने अडवल्या.

आता दुसरी बाजू बघा. त्या १५२९ मध्ये खरोखर नॉर्मल होत्या ४२९. त्यांपैकी 'मी परस्पर रिपोर्ट काढतो' असं एआय म्हणालं फक्त १२० बाबतीत, म्हणजे सगळ्या कामाच्या ७.८ टक्के. इतकी सावध प्रणाली सुरक्षित असते, पण रुग्णालयातला भार फारसा हलका करत नाही. नोकरीपूर्व तपासणी, व्हिसा तपासणी, शिबिरं, जिथे १०० पैकी ९० फिल्म नॉर्मल असतात, तिथे हीच प्रणाली कितीतरी जास्त काम वाचवेल. म्हणून 'एआय चालेल का' विचारण्याआधी 'कुठल्या रांगेवर' ते विचारा.

दृष्टिपटल

डोळ्यांच्या बाबतीत थोडं सविस्तर लिहिते, कारण खऱ्या अर्थाने स्वायत्त म्हणावी अशी पहिली प्रणाली तीच आणि तिची आखणी अभ्यासण्यासारखी आहे.

मान्यतेसाठीची चाचणी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ९०० मधुमेहींवर झाली. सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांपैकी किती पकडले) ८७.२ टक्के, स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांपैकी किती बरोबर सोडले) ९०.७ टक्के. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तिसरा आकडा: ९६.१ टक्के जणांना काहीतरी निर्णय मिळाला. फोटो काढणारे नेत्र-छायाचित्रकार नव्हते, केंद्रातले साधे कर्मचारी होते, आणि त्यांना ४ तासांचं ठरावीक प्रशिक्षण दिलं होतं. प्रत्येक डोळ्याचे दोन फोटो, एक मॅक्युला (पडद्याचा मधला भाग) मध्यभागी ठेवून, दुसरा ऑप्टिक डिस्क (डोळ्याची नस निघते ती जागा) मध्यभागी ठेवून. कॅमेरा ठरलेला, टॉपकॉनचा एनडब्ल्यू४००. दुसरा कॅमेरा लावला की ती मान्यता लागू नाही.

उत्तरं तीनच. पाठवा, १२ महिन्यांनी या, आणि 'फोटो पुरेसा चांगला नाही'. तिसरं उत्तर आलं की पुन्हा फोटो, मग बाहुली मोठी करणारे थेंब घालून पुन्हा फोटो, आणि तरीही जमलं नाही तर नेत्रतज्ज्ञ. मोतीबिंदू पिकलेला असेल तर फोटो धूसरच येणार, आणि अशा माणसाला तज्ज्ञाची गरज आहेच. ही तिसरी वाट ज्या प्रणालीत नाही ती स्वायत्त म्हणून विकू नये.

ती वाट कच्ची असली की काय होतं, ते थायलंडमध्ये दिसलं. गूगलची प्रणाली ११ दवाखान्यांत वापरली, त्याचा अहवाल २०२० मध्ये आला. १८३८ फोटोंपैकी २१ टक्के प्रणालीने नाकारले. अल्गोरिदम प्रयोगशाळेत उत्तम होता. पण दवाखान्यात खोली पुरेशी अंधारी नव्हती आणि फोटो चढवायला इंटरनेट रखडत होतं. नाकारलेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी जायला सांगायचं, तेही पडद्याला काही झालेलं नसताना. रोजंदारी बुडवून माणूस परत येत नाही.

मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत रेमिडिओ कंपनीच्या स्मार्टफोन कॅमेऱ्यावर इंटरनेटविना चालणारं एआय तपासलं गेलं, २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तज्ज्ञांकडे पाठवण्याजोग्या रुग्णांसाठी सेन्सिटिव्हिटी १०० टक्के, स्पेसिफिसिटी ८८.४ टक्के. निष्कर्षात धरलेली माणसं २१३, त्यामुळे त्या १०० टक्क्यांवर फार भार टाकू नये. पण निर्णय तिथल्या तिथे, माणूस खुर्चीत बसलेला असतानाच मिळतो, ही गोष्ट आपल्याकडे फार मोलाची.

रानवाट

+१ दृष्टिपटल. वाचनखूण साठवली.

पाचवा_मजला

एआयच्या रिपोर्टचा एक फायदा कुणी सांगितला नाही: अक्षर लागतं!

काळी_फिल्म

अल्गोरिदमवर सगळे बोलतायत, फिल्म कशी येते यावर कुणीच नाही. रेडिओलॉजिस्ट खराब फिल्म पाहून 'पुन्हा काढा' म्हणतो. मध्ये माणूसच नसेल तर हे कोण म्हणणार? टेक्निशियनने. म्हणजे त्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

छातीच्या एक्स-रेला आपल्याकडे नेहमी घोळ घालणाऱ्या गोष्टी सांगतो. वेणी. घट्ट ओली वेणी खांद्यावर राहिली की फुप्फुसाच्या शेंड्यावर जाड सावली पडते, आणि टीबीची आवडती जागाही तीच. वेणी डोक्यावर बांधून घ्यायची. मंगळसूत्र, ताईत, गळ्यातला काळा दोरा, सेफ्टी पिन, ब्लाऊजचे हुक, सगळं बाजूला. मंगळसूत्र काढायला बाई तयार नसेल तर जोर करू नये, ते वर हनुवटीजवळ धरायला सांगावं म्हणजे फुप्फुसावरून हटतं.

मग ठेवण. दोन्ही हासळ्यांची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर हवीत, नाहीतर छाती वळलेली आहे आणि एक बाजू उगाच काळी, दुसरी पांढरी दिसेल. श्वास पूर्ण आत घेतलेला हवा, मागच्या ९-१० बरगड्या डायफ्रॅमच्या वर मोजता आल्या पाहिजेत. अर्ध्या श्वासात काढलेल्या फिल्ममध्ये फुप्फुसाचा तळ दाटलेला दिसतो आणि एआय त्यावर न्यूमोनियासारखा स्कोअर देतं. कोपरं पुढे नेऊन खांद्याची पाती बाहेर काढायची. झोपवून समोरून काढलेल्या फिल्ममध्ये हृदय मोठं दिसतं, त्यावर 'हृदय वाढलंय' हा शेरा परस्पर गेला की तो माणूस विनाकारण इकोच्या रांगेत.

शिबिरांत हातात धरायच्या मशीनने आणखी भर पडते. शक्ती कमी, म्हणून स्थूल माणसात फिल्म दाणेदार येते. हात हलला की कडा पुसट होतात. मशीन स्टँडवर लावा, अंतर टेपने मोजून जमिनीवर पट्टी चिकटवा.

आणि कृपा करून व्ह्यू-बॉक्सवर फिल्म लावून मोबाइलने काढलेला फोटो असल्या सॉफ्टवेअरला देऊ नका. ट्यूबलाइटची चमक, तिरपा कोन, व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेला फोटो. डिजिटल फाइलवर तपासलेल्या प्रणालीचे आकडे त्या फोटोला लागू होत नाहीत.

बिनतारी

काळी_फिल्म यांच्या प्रतिसादाला संगणकाकडून जोड.

डायकॉम फाइलमध्ये (एक्स-रे साठवायचा ठरलेला डिजिटल प्रकार) फोटोसोबत बरीच माहिती असते, आणि ती चुकीची असेल तर एआय निमूटपणे चुकतं. काही मशीन पांढरं-काळं उलट साठवतात आणि तसं फाइलमध्ये नोंदवतात. ती नोंद न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला निगेटिव्ह उलटी दिसते. समोरून की मागून, हा रकाना पुष्कळदा रिकामा. बाजूची फिल्म समोरच्या अल्गोरिदमकडे गेली तर तो तिलाही स्कोअर देऊन टाकतो, म्हणून आधी 'ही छाती आहे का, समोरची आहे का' हे तपासणारी वेगळी पायरी लागते. वय रिकामं असेल तर १५ वर्षांखालचं मूल मोठ्यांच्या कट-ऑफवर (ज्या स्कोअरपुढे संशयित धरायचं तो आकडा) मोजलं जातं. आणि नाव हाताने टाइप केलेलं असेल तर एकाच आडनावाच्या दोन माणसांचे रिपोर्ट अदलाबदल. नोंदणीच्या यादीतूनच मशीनवर नाव यावं, टेक्निशियनने टाइप करू नये.

सगळ्यांत घातक मात्र गप्प बसलेला सर्व्हर. नेट गेलं, लायसन्स संपलं, रांग तुंबली, उत्तर आलं नाही. संध्याकाळी घाईत कुणीतरी 'काही दाखवलं नाही म्हणजे ठीक' समजतं. डॉक्टर मध्ये असतात तेव्हा ते फिल्म पाहतातच, त्यामुळे हे झाकलं जातं. स्वायत्त वापरात 'उत्तर नाही' ही स्वतंत्र अवस्था पडद्यावर दिसलीच पाहिजे, आणि दिवस बंद करताना घेतलेल्या फिल्म आणि आलेली उत्तरं यांची संख्या जुळली पाहिजे. आकडा जुळत नाही तोवर शिबिर आवरायचं नाही.

तापीकाठ

टीबीबद्दल लिहितो, कारण भारतात मोठ्या प्रमाणावर स्वायत्ततेच्या सर्वांत जवळ गेलेला वापर हाच. ७ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेल्या १०० दिवसांच्या मोहिमेपासून हातात धरायची मशीन आणि एआय ही जोडी गावोगाव दिसू लागली.

२०२१ च्या शिफारशीवेळी जागतिक आरोग्य संघटनेने पाहिलेल्या तीन सॉफ्टवेअरांत नेदरलँड्सचं कॅड४टीबी, कोरियाचं ल्युनिट आणि मुंबईच्या क्युअर.एआयचं क्यूएक्सआर होतं. ही सॉफ्टवेअरं 'टीबी आहे' असं म्हणत नाहीत, स्कोअर देतात. कट-ऑफ आपण ठरवायचा, आणि खरा निर्णय तिथेच होतो. कंपनीने दिलेला कट-ऑफ तसाच ठेवणं ही नेहमीची चूक.

हिशेब मांडतो, आकडे समजण्यापुरते धरलेले. १०,००० लोक, त्यांत ५० जणांना टीबी. चाळणी-चाचणीसाठी संघटनेची २०१४ मधली किमान अपेक्षा सेन्सिटिव्हिटी ९० टक्के, स्पेसिफिसिटी ७० टक्के. बरोब्बर तेवढी कामगिरी झाली तर ४५ सापडतील, ५ सुटतील, आणि टीबी नसलेले २९८५ जण संशयित ठरतील. एकूण ३०३० थुंकीच्या चाचण्या, एका रुग्णामागे ६७. कट-ऑफ वर नेला आणि सेन्सिटिव्हिटी ८० टक्के, स्पेसिफिसिटी ८८ टक्के झाली तर ४० सापडतील आणि चाचण्या १२३४, एका रुग्णामागे ३१. पाच माणसं जास्त सुटली, १८०० चाचण्या वाचल्या. कुठलं बरोबर? तालुक्याला ट्रूनॅटच्या (थुंकीत टीबी शोधणारं यंत्र) किती चिप आहेत, यंत्र दिवसाला किती नमुने घेतं, नमुना गावातून कसा पोचतो, यावर ते अवलंबून. ट्रूनॅट आपल्या गोव्याचं, लहान केंद्रात चालणारं, तरी चिप संपल्या की एआयने शोधलेले संशयित नुसते यादीत पडून राहतात.

स्थानिक तपासणीविना कट-ऑफ का चालत नाही? ज्यांना आधी टीबी होऊन गेलाय त्यांचे जुने व्रण आणि कॅल्शियमचे ठिपके स्कोअर वाढवतात. वय वाढलं तरी तेच. ढाक्यातल्या २३,९५४ जणांच्या अभ्यासात, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाचही सॉफ्टवेअरांनी तिथल्या रेडिओलॉजिस्टपेक्षा सरस काम केलं, पण साठीपुढच्या आणि आधी टीबी झालेल्या लोकांत सगळ्यांचीच कामगिरी घसरली. दगडखाणीच्या पट्ट्यात सिलिकोसिसची (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) भर. तिथे तोच कट-ऑफ ठेवलात तर अर्धी वस्ती संशयित. आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की जुना कट-ऑफ रद्द समजा, नव्या आवृत्तीत त्याच आकड्याचा अर्थ वेगळा असू शकतो.

तरीही धागाकर्त्यांशी सहमत आहे. इथे एआय चुकलं तर पुढे थुंकीची चाचणी आहे. औषध एआयच्या शब्दावर सुरू होत नाही.

रोखठोक

सगळं ठीक. पण याचा शेवट काय होणार ते लिहून ठेवा: 'एआय आहे ना' म्हणून रेडिओलॉजिस्टची रिकामी पदं रिकामीच राहतील. गरिबाला यंत्र, श्रीमंताला डॉक्टर. सही करणारा माणूस असलाच पाहिजे, मग त्याला वेळ लागला तरी चालेल.

अंधारखोली

रोखठोक, तुमची भीती रास्त आहे, पण सहीवरचा तुमचा विश्वास जरा तपासू या. समोर एआयचं उत्तर असताना माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो का?

जर्मनीतला एक प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २७ रेडिओलॉजिस्ट, ५० मॅमोग्राम (स्तनांचे एक्स-रे). काही फिल्मवर एआयची सूचना मुद्दाम चुकीची ठेवली होती. सूचना बरोबर असताना नवख्यांची उत्तरं ७९.७ टक्के बरोबर, चुकीची असताना १९.८ टक्के. फार अनुभवींचीसुद्धा ८२.३ वरून ४५.५ वर. म्हणजे दिवसाला ३०० फिल्मवर सही करणारा डॉक्टर मध्ये उभा केला तर सुरक्षितता वाढतेच असं नाही, फक्त चुकीला एक नाव मिळतं. मला घाईची सही स्वायत्त एआयपेक्षाही धोक्याची वाटते, कारण तिथे कुणीतरी पाहिलंय असा सगळ्यांचा समज असतो.

मेदिनी

स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीत मधला मार्ग काढलाय, तो इथे उपयोगी पडेल. युरोपातल्या अशा तपासणीत सहसा प्रत्येक मॅमोग्राम दोन डॉक्टर वाचतात. स्वीडनच्या मसाई चाचणीत ८०,०३३ महिला होत्या. एआयने १ ते १० असा धोका मोजला. १ ते ९ वाल्या फिल्म एका डॉक्टरने पाहिल्या, १० वाल्या दोघांनी. २०२३ च्या निकालात वाचनाचं काम ४४.३ टक्के कमी झालं आणि कर्करोग सापडण्याचं प्रमाण हजारी ५.१ वरून ६.१. पुन्हा बोलावलेल्या महिला जवळपास तेवढ्याच, २.० च्या जागी २.२ टक्के.

लक्षात घ्या, एकही फिल्म माणसाविना गेली नाही. एआयने ठरवलं ते इतकंच, की लक्ष कुठे जास्त द्यायचं. आपल्याकडे एक वाचकच मिळत नाही, तर दोन कुठून, हे खरं. पण तत्त्व उचलता येईल: डॉक्टरचा वेळ मोजकाच आहे तर तो सगळ्या फिल्मवर पातळ पसरू नका, वरच्या स्कोअरवर आणि नमुन्यादाखल निवडलेल्या खालच्या स्कोअरवर घाला.

कलमदान

कायद्याची बाजू. भारतात एआयने परस्पर निदान सांगावं यासाठी स्वतंत्र कायदा नाही, तुकडे जोडावे लागतात.

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे: एआयवर चालणाऱ्या व्यासपीठाने रुग्णाला सल्ला देऊ नये, औषध लिहू नये. डॉक्टरला मदत करू शकतं. अंतिम सल्ला नोंदणीकृत डॉक्टरचाच. वैद्यकीय सॉफ्टवेअर हे वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली येतं, ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनंतर सगळीच उपकरणं औषधाच्या व्याख्येत आली. अ आणि ब वर्गाला १ ऑक्टोबर २०२२ पासून, क आणि ड वर्गाला १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा. खरेदी करताना परवान्यात 'अभिप्रेत वापर' काय लिहिलाय तो वाचा. 'डॉक्टरला साहाय्य' लिहिलेलं सॉफ्टवेअर डॉक्टरविना चालवलं तर चुकीची जबाबदारी वापरणाऱ्यावर येण्याची शक्यता फार मोठी. वापर परवान्याप्रमाणेच झाला आणि दोष सॉफ्टवेअरचा असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधलं उत्पादन-दायित्वाचं प्रकरण उत्पादकापर्यंत पोचतं.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनची २०१९ पासूनची भूमिका मला नेमकी वाटते: स्वायत्त एआय बनवणाऱ्याने त्याच्या चुकीचं दायित्व आणि विमा स्वतः घ्यावा. कंपनी 'स्वायत्त' हा शब्द जाहिरातीत वापरते आणि करारात 'अंतिम जबाबदारी डॉक्टरची' लिहिते, तेव्हा तो करार परत करावा.

लीड्सकर

इंग्लंडमधली अडचण वेगळी. तिथल्या २०१७ च्या आरोग्य-किरणोत्सर्ग नियमांनुसार प्रत्येक एक्स-रेचं वैद्यकीय मूल्यमापन अधिकृत व्यक्तीने करून नोंदवलं पाहिजे. सॉफ्टवेअर ही व्यक्ती नव्हे. म्हणून युरोपात सीई मिळालेलं साधनही तिथे तसंच स्वायत्त चालवता येत नाही. कलमदान यांचा 'अभिप्रेत वापर' वाचण्याचा सल्ला सगळीकडे लागू.

रानवाट

अवांतर: सोनोग्राफीत असं काही आलंय का? आशाताईंनी पोटावरून प्रोब फिरवायचा आणि एआयने गर्भाचे आठवडे सांगायचे?

मेदिनी

तंत्र आहे. प्रोब ठरलेल्या रेषांत फिरवायचा, चित्र ओळखण्याची गरज नाही, सॉफ्टवेअर गर्भाचं वय आणि बाळाची स्थिती काढतं. पण आपल्याकडे १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आहे, आणि महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच स्वतःचा केला होता. मशीनची नोंदणी, जागेची नोंदणी, पात्र डॉक्टर, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा नोंद-अर्ज ('फ' नमुना). खिशात मावणारं मशीन घेऊन घरोघर फिरणं त्यात बसत नाही, आणि ज्या कारणासाठी ही बंधनं आली ते कारण अजून संपलेलं नाही. हा विषय वेगळ्या धाग्यात घेऊ.

अपूर्णांक

मूळ विषयाकडे. अंधारखोलींनी डेन्मार्कचा अभ्यास सांगितला, पण तुमच्या रुग्णालयात तीच कामगिरी टिकतेय का, हे कसं कळणार? माणूस मध्ये नसेल तर सुटलेली केस कळतच नाही. रुग्ण दुसरीकडे जातो.

एक साधा नियम आहे. एआयने 'नॉर्मल' म्हटलेल्या फिल्ममधून चिठ्ठ्या टाकून ३०० निवडा, रेडिओलॉजिस्टकडून एआयचं उत्तर झाकून वाचून घ्या. एकही चूक निघाली नाही तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की चुकीचं प्रमाण १ टक्क्यापेक्षा कमी. तीनाला नमुन्याच्या संख्येने भागायचं, झालं. हजारात एक अशी खात्री हवी असेल तर ३००० वाचाव्या लागतील. म्हणजे ५० फिल्म तपासून 'एकही चूक नाही' म्हणणाऱ्याने खरं तर 'चूक ६ टक्क्यांपर्यंत असू शकते' एवढंच सिद्ध केलंय.

दुसरं, दर आठवड्याला दोन आकडे काढा: कट-ऑफच्या वर गेलेल्यांचं प्रमाण आणि 'फिल्म अपुरी' या उत्तराचं प्रमाण. मशीननिहाय काढा, एकत्र नको. एका मशीनचा डिटेक्टर खराब होऊ लागला की सरासरीत ते बुडून जातं. एखाद्या मशीनवर संशयितांचं प्रमाण अचानक दुप्पट झालं तर आजार वाढला असं धरण्याआधी मशीनचं कॅलिब्रेशन, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि नवा टेक्निशियन हे तीन बघा.

रोखठोक

अपूर्णांक, हा नमुना वाचायला तरी रेडिओलॉजिस्ट लागणारच ना? मग माझा मुद्दा तिथेच आहे.

अपूर्णांक

लागणारच. जिल्ह्याला एक असला तरी महिन्याला ३०० फिल्म शक्य आहेत. तुमच्या मुद्द्याला माझा पाठिंबाच समजा: करारातच लिहावं की नमुना वाचणारा डॉक्टर नसेल त्या महिन्यात परस्पर रिपोर्ट बंद, सॉफ्टवेअर फक्त मदतनीस. पद भरण्यासाठी दबावही त्यातूनच येईल.

कडेपठार

सगळ्यांचे आभार. रोखठोक आणि अपूर्णांक यांच्यातून निघालेली ही अट मी मूळ मतात जोडतो. एक प्रश्न उरला. टीबी शिबिरात स्कोअर कट-ऑफच्या खाली आला, त्या माणसाच्या हातात दिल्या जाणाऱ्या चिठ्ठीवर काय लिहायचं? 'नॉर्मल' लिहिलं तर?

तापीकाठ

'नॉर्मल' लिहायचंच नाही. त्या सॉफ्टवेअरला फक्त टीबीबद्दल विचारलंय. टीबीचा स्कोअर कमी आणि फुप्फुसात गाठ, किंवा हृदय मोठं, हे होऊ शकतं. 'नॉर्मल' वाचून तो माणूस वर्षभर डॉक्टरकडे फिरकणार नाही.

चिठ्ठी मराठीत, मोठ्या अक्षरांत: 'या एक्स-रेत आज टीबीचा संशय दिसला नाही. हा वाचनाचा निकाल संगणकाचा आहे, डॉक्टरांनी फिल्म पाहिलेली नाही. इतर आजारांसाठी हा रिपोर्ट वापरू नये. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप, वजन घटणं किंवा थुंकीतून रक्त असेल तर हा कागद असला तरी केंद्रात या.' खाली तारीख, निक्षय क्रमांक (सरकारी टीबी नोंदणीचा), सॉफ्टवेअरची आवृत्ती. आणि त्या क्षणी लक्षणं असतील तर स्कोअर काहीही असो, थुंकीचा नमुना घेतल्याशिवाय चिठ्ठी द्यायची नाही.

काळी_फिल्म

यात एक ओळ वाढवा: 'फिल्म अपुरी, पुन्हा काढली' असा शेरा असेल तर किती वेळा काढली तेही लिहा. दोनदा काढूनही जमली नाही तर तिसरी काढू नका, किरणोत्सर्ग उगाच वाढतो. सरळ ग्रामीण रुग्णालयातल्या मोठ्या मशीनवर पाठवा, आणि जायची गाडी शिबिरातच ठरवून द्या.

बिनतारी

आवृत्तीसोबत कट-ऑफचा आकडाही छापा. सहा महिन्यांनी कुणी तो कागद घेऊन आला तर नवीन कट-ऑफने तो संशयित ठरला असता का, हे फाइल न उघडता कळेल. मूळ डायकॉम फाइल मात्र जपून ठेवा, स्कोअर काढून झाला म्हणून पुसू नका. नवी आवृत्ती आली की जुन्या ५०० फिल्म तिच्यातून पुन्हा काढूनच नवा कट-ऑफ ठरतो, आणि त्या ५०० मध्ये थुंकीची चाचणी झालेले रुग्ण असतील तरच त्याला अर्थ आहे.